सी व्ह्यूचा डावा पाय

नोव्हेंबरात महालक्ष्मीच्या मैदानावर सीझनची पहिली रेस सुटली की लालबागपासून करी रोडपर्यंत शहाण्यांचं पीक येतं. ज्यांचा आयुष्यात कधी घोड्याच्या अंगाला हात लागलेला नाही, ज्यांनी घोडा पाहिला तो चौपाटीवर नाहीतर कुणाच्या तरी वरातीत, ती माणसं टपरीवर कटिंग मारता मारता डिसेंबरातल्या गिनीजचा, जानेवारीतल्या ओक्सचा आणि फेब्रुवारीतल्या डर्बीचा निकाल लावून मोकळी होतात. दौलत गमरे या माणसांकडे बघायचा ते खिडकीत बसलेल्या कावळ्याकडे बघावं तसा. हाकलायचाही कंटाळा.

त्याचा तो हक्क होता म्हणा. सतराव्या वर्षी तो तबेल्यात शिरला. वडील गिरणीत, दोन चुलते गिरणीत. याला मात्र साच्यांच्या खडखडाटापेक्षा घोड्याचं फुरफुरणं बरं वाटलं. चाळीस वर्षं सईस म्हणून काढली. पहाटे घोड्याचे चारी पाय चाचपायचे, खरारा करायचा, घोडा चालवून आणायचा, परत पाय चाचपायचे. त्याच्या हातचे तीन घोडे मोठ्या रेसी जिंकले. तिन्ही वेळा फोटोत मालक आले, मालकीणबाई आल्या, ट्रेनर आले, मालकांचे सुटाबुटातले पाहुणे आले. दौलतचा आला तो फक्त लगाम धरलेला हात.

आता सदुसष्टाव्या वर्षी तो करी रोडला, चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत, मुलगा राकेश आणि सून वैशाली यांच्यासोबत राहत होता आणि दिसेल त्याला नावं ठेवत होता.

"बाबा, तुम्ही लिफ्टलापण सोडत नाही," परळच्या एका लॅबमधून दमून आलेली वैशाली म्हणायची. "चौदाव्या मजल्यापर्यंत येते ना ती?"

"येते. पण भाड्याच्या घोड्यासारखी येते. मधेच थांबून विचार करते."

वैभव राऊळ त्याला भेटला तो लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत. वैशालीने मिरच्या कांडायला दिल्या होत्या आणि दौलत नाकाला रुमाल लावून दुकानात बसला होता. दुकान वैभवच्या बापाचं. पोरगा अठ्ठावीस वर्षांचा, बी.कॉम., आणि दुकानाच्या मागच्या बाजूला मिरच्यांच्या पोत्यांसमोर उभा राहून मोबाईलशी बोलत होता. 'टापा' नावाचा रेसचा चॅनेल होता त्याचा. "मित्रांनो, हा घोडा म्हणजे आग आहे आग! गिनीजमध्ये याला कोण रोखणार? लिहून घ्या!"

दौलत मोठ्याने हसला. वैभवने मोबाईल बंद केला.

"काय झालं काका?"

"काही नाही. गिनीजमध्ये त्याला रोखायची गरजच नाही. त्या घोड्याची गिनीजला एंट्रीच नाहीये."

वैभवने घाईघाईने कुठलंतरी पान उघडून तपासलं आणि मान खाजवली. बाप कांडपाजवळून ओरडला, "आणखी घाला हो त्याच्या डोक्यात चार! आमचं ऐकत नाही." तासाभराने दौलत घरी परतला तेव्हा मसाल्याच्या पिशवीबरोबर दर सोमवारचं आमंत्रण घेऊन परतला.

काम सोपं होतं. शनिवार-रविवारच्या रेसी वैभव लॅपटॉपवर परत लावायचा. दौलत प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्या बघायचा आणि कुठला घोडा मोठ्या रेसच्या लायकीचा आहे, कुठला नुसता फेस आहे, ते सांगायचा. आणि सांगायचा ते खरोखर ऐकण्यासारखं असायचं. "जिंकलेला घोडा काय, आंधळ्यालाही दिसतो," तो म्हणायचा. "चौथा आलाय तो बघ. पूर्ण रेस आत कोंडलेला होता. जॉकीने चाबूक काढलेलाच नाही. हा आज पळायला आला नव्हता, मैदान बघायला आला होता. याला मैलभर पळू दे, मग बोल." किंवा, "सीझनच्या पहिल्या आठवड्यात निम्मे घोडे पोटाने जड असतात. आत्ता जे सुसाट पळतायत ते पुण्याहून तयार होऊन आलेत. फेब्रुवारीत ते धापा टाकतील."

पण हे सगळं वैभव कापून टाकायचा. ठेवायचा काय, तर शिव्या. "हा जिंकला नाही, बाकीचे हरले." "जॉकी चाबूक असा फिरवतोय, जसा वरातीत रुमाल." विकास सर म्हणून एक जुने, साधे ट्रेनर होते, त्यांच्याकडे मोठे मालक कधी फिरकले नाहीत. त्यांचे घोडे पडद्यावर आले तेव्हा दौलत म्हणाला, "ही कुठून आली? शिवडीच्या गोदामात माल ओढणारी खेचरं वाटतात. आणि मास्तर बघा, दुर्बीण लावून बघतायत. अहो, जी चष्म्यानेही बघवत नाहीत ती दुर्बिणीने कशाला बघता?"

त्या तुकड्यावर वैभवने हसण्याचा आवाज चिकटवला. दोन दिवसांत पंचवीस हजार लोकांनी तो पाहिला.

दौलतला आधी राग आला. "अरे, मी त्याच्यानंतर घोड्याच्या चालीबद्दल बोललो होतो, ते कुठं गेलं?"

"काका, चाल कोण बघतंय? लोकांना तुम्ही पाहिजे. तुमचा ॲटिट्यूड."

लोकांना आपण पाहिजे, हे वाक्य चाळीस वर्षं फोटोबाहेर राहिलेल्या माणसाच्या कानात कसं शिरतं ते सांगायला नको. टपरीवरचे तेच कावळे आता त्याला बघून उठून उभे राहायला लागले. "काका, एक डायलॉग मारा ना!" दौलत तोंड वाकडं करायचा, आणि मारायचा. सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालायला लागला. 

त्या सीझनला सगळ्यांच्या तोंडी एकच घोडी होती. तिचं नाव सी व्ह्यू. मालक बिल्डर होता. त्याच्या टॉवरचंही नाव सी व्ह्यू, आणि तिथल्या कुठल्याही खिडकीतून समुद्र दिसत नाही असं लोक म्हणायचे. घोडी मात्र खरी होती. तीन वर्षांची, काळसर तपकिरी, लांब मानेची. सीझनच्या पहिल्याच दिवशी बाराशे मीटरच्या रेसमध्ये ती सहा घोड्यांच्या लांबीने जिंकली आणि सगळ्या पेपरवाल्यांनी तिला फिलींची, म्हणजे कोवळ्या घोडींची गिनीज, ओक्स आणि जमलं तर डर्बीही देऊन टाकली.

सोमवारी दौलतने ती रेस चार वेळा बघितली. घोडीला नावं ठेवायला जागा सापडेना. पळताना मान खाली, कान मोकळे, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जॉकीचे हात हललेलेसुद्धा नाहीत. दौलत गप्प बसला आणि वैभव अस्वस्थ झाला.

"काका, काहीतरी बोला. सगळे हिचीच स्तुती करतायत, आपण पण स्तुती केली तर आपल्याला कोण बघणार?"

मग दौलतने रेसच्या आधीचं चित्रण लावायला सांगितलं. पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी लोकांना घोडे फिरवून दाखवतात त्या गोल आवारात, सी व्ह्यूला तिचा सईस फिरवत होता. सईस होता भिवा. मूळचा दापोलीकडचा, पन्नाशीचा, बुटका, अबोल माणूस. अकरा वर्षं त्याने दौलतच्या हाताखाली काम केलं होतं.

"घोडी बघा," दौलत म्हणाला, "आणि घोडीला धरणारा बघा. कोण कोणाला फिरवतंय? दोरी अशी धरलीय जशी बाजारात पिशवी. अकरा वर्षं शिकवला मी याला. घोडी एका वर्षात शिकली, हा अजून शिकतोय!"

वैभव पोट धरून हसला. त्या तुकड्याला चाळीस हजार लोक मिळाले.

दोन आठवड्यांनी सी व्ह्यू परत पळाली, या वेळी चौदाशे मीटर. परत जिंकली, पाऊण लांबीने. मैदानात टोप्या उडाल्या. पेपरांनी लिहिलं की ट्रेनरने गिनीजसाठी हातचं राखून पळवली. ट्रेनर म्हणजे दीपक सर. पांढरे बूट घालून तबेल्यात येणारा, घोड्यापेक्षा मालकाच्या चेहऱ्याकडे जास्त बघणारा माणूस.

सोमवारी दौलतने शेवटचा टप्पा लावायला सांगितला. परत लावायला सांगितला. तिसऱ्यांदा बघताना तो खुर्चीवरून उठून लॅपटॉपच्या इतका जवळ गेला की वैभव म्हणाला, "काका, स्क्रीनला नाक लागेल."

"थांबव. इथं थांबव. हे बघ. महालक्ष्मीचं वळण उजव्या हाताचं. वळणावर घोडा उजवा पाय पुढं टाकून पळतो. वळण संपून सरळीला लागला की पाय बदलतो, डावा पुढं घेतो. दमलेल्या पायाला विसावा मिळतो. कुणी शिकवावं लागत नाही. ही पहिल्या रेसला बदलत होती. आज बदललाच नाही. शेवटपर्यंत उजव्यावरच ओढत गेली."

"मग? जिंकली ना?"

"पुढचं लाव. रेस संपल्यावरचं." रेस संपल्यावर जॉकी घोडीला हळू करत होता. डावा पाय टेकला की घोडी मान किंचित वर उचलत होती. तीनदा, चारदा. "डाव्या पायावर भार घेत नाहीये. गुडघ्याखालची नस. आता ही मैलभर पळाली, पूर्ण जोर लावून, तर पाय जाईल. तिला गिनीजमध्ये पळवू नये. सुट्टी द्या तिला दोन-तीन महिने. नाव ठेवत नाहीये मी. खरं सांगतोय."

शेवटची दोन वाक्यं वैभवने कापली. खाली मोठ्या अक्षरांत टाकलं, 'काका म्हणतात सी व्ह्यू लंगडी!' आणि हसण्याचा आवाज.

संध्याकाळी दौलतने वैशालीला खालची मतं वाचून दाखवायला सांगितली. तिने वाचली. "काका रॉक्स. काका जळतात. लंगडी जिंकली तर धडधाकट काय करेल. काकांना कुणीतरी घोडा घेऊन द्या रे." ती थांबली. "आणखी वाचू?"

"एकानेही विचारलं नाही, कुठला पाय?"

"तुम्ही सगळ्यांनाच गाढव म्हणता, बाबा. आज खरं गाढव कोणतं हे त्यांना कसं कळणार?"

दौलतला तिचा राग आला. एवढंसं बोलून ती भांडी घासायला निघून गेली, याचा जास्त आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो महालक्ष्मीला तबेल्यावर गेला. गेटवरचा वॉचमन ओळखीचा होता, त्याने सोडलं. सकाळचं काम आटोपलं होतं. सी व्ह्यू ठाणावर उभी होती आणि भिवा तिच्या पुढच्या डाव्या पायाशी उकिडवा बसून ओलं फडकं गुंडाळत होता. बाजूच्या बादलीत बर्फ होता.

"जयभीम, भिवा."

भिवाने वर पाहिलं, परत खाली पाहिलं. "मोबाईल आणला नाहीस, दादा?"

"भिवा, तिचा डावा पाय..."

"मला काय कळणार त्यातलं? मला दोरी धरता येत नाही."

"अरे ते बोलण्याच्या भरात... त्या पोराने कापून कायच्या काय केलं." दौलतला आपलंच वाक्य स्वस्त वाटलं. कापायच्या आधीही ते तेवढंच होतं.

भिवा उठला. हात पँटीला पुसले. "सुनेत्राच्या कॉलेजात फिरला तो व्हिडिओ. खाली कुणीतरी लिहिलं, हा हिचा बाप. आठ दिवस गेली नाही कॉलेजला पोरगी. अकरा वर्षं तुझ्या हाताखाली होतो मी. दोरी चुकत होती तर एकदा बाजूला घेऊन सांगायचं होतंस. चाळीस हजार लोकांना कशाला गोळा केलंस?"

  दौलत घोडीजवळ गेला, खाली वाकून पायाला हात लावणार, तोच भिवा मधे आला.

"हात लावू नको. सरांनी बघितलं तर मला ऐकावं लागेल."

"पाय गरम आहे का, एवढं सांग."

"जा दादा."

घोडीने मान वळवून दौलतच्या खांद्याचा वास घेतला आणि कंटाळून तोंड फिरवलं. दौलत निघाला. जाता जाता दीपक सर दिसले, फोनवर कुणालातरी हसून सांगत होते, "सर, रविवारी फॅमिलीला आणा, फोटोला यायचंय." दौलत त्यांच्याकडे जाऊन बोलू शकला असता. गेला नाही. दीपक सरांना त्याने आधीच्याच सोमवारी 'पांढऱ्या बुटांचा हुजऱ्या' म्हटलं होतं.

गिनीज रविवारी होती. शनिवारी सकाळी साडेआठला दौलतचा फोन वाजला. भिवा होता.

"काढली," तो म्हणाला.

"काय?"

"घोडी. रेस क्लबचे डॉक्टर तपासायला आले होते. सगळं बघून चालले होते. मी म्हटलं, साहेब, डावा पाय जरा मागून दाबा. त्यांनी दाबला. घोडीने पाय झटकला. रेसमधून काढली." आणि फोन बंद.

दौलतच्या पुढ्यातले पोहे गार झाले. "कोण वारलं का?" राकेशने विचारलं. दौलतने नकारार्थी मान हलवली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी बघून राकेश घाईने आंघोळीला गेला.

त्या संध्याकाळी 'टापा'वर गिनीजचा खास कार्यक्रम होता, थेट. वैभवने पोत्यांवर लाल चादर घातली होती. सी व्ह्यू रेसमधून बाहेर गेल्याची बातमी सगळीकडे झाली होती आणि लोक हजारांनी येत होते. वैभवने सुरुवातच केली, "मित्रांनो, कोण बोललं होतं? दौलतकाका बोलले होते! सगळे पेपरवाले झोपले होते, एक काका जागे होते. काकांमुळे आज ती घोडी वाचली! काका, काय वाटतंय?"

दौलतने त्याच्याकडे पाहिलं. ज्या पोराने आपली खरी दोन वाक्यं कापून लंगडीचा तमाशा केला होता, तो आता त्याच तमाशाचा हार घालून मिरवत होता. 

"खोटं बोलू नको," तो म्हणाला. "माझ्यामुळे काही वाचलं नाही. मी इथं खुर्चीत बसून लॅपटॉप बघितला. घोडी वाचवली भिवाने. तिचा सईस. सगळे गप्प होते, बर्फ लावून पाय झाकत होते. त्याने डॉक्टरांना सांगितलं, साहेब, इथं दाबा. दोरीबद्दल मी जे बोललो ते मागे घेतो. त्या तबेल्यात माणूस एकच आहे, तो भिवा."

गल्लीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वैभव खूश झाला. दौलतलाही, खोटं कशाला सांगा, बरं वाटलं. मोठ्या मनाचं काहीतरी केल्यावर माणसाला वाटतं तसं. घरी येऊन त्याने दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

रविवारी गिनीज झाली. टपरीवरच्या एकानेही जिचं नाव घेतलं नव्हतं अशी घोडी जिंकली, आणि सोमवारी टपरीवरच्या प्रत्येकाने तेच तर आपण म्हणत होतो असं सांगितलं. दौलत ऐकत होता तेवढ्यात गेटवरच्या वॉचमनचा फोन आला.

भिवाला काढलं होतं.

ओरडाआरडा झाला नाही. दीपक सरांनी त्याला बोलावून तो व्हिडिओ दाखवला. डॉक्टरांनी पाय पकडला एवढंच त्यांना माहीत होतं. कुणी पकडून दिला ते शनिवार संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. बर्फाचं तर मालकांनीही ऐकलं होतं आणि ते फोनवर सरांना बरंच काही बोलले होते. "तबेल्यातली गोष्ट बाहेर जाते तिथं मला माणूस ठेवता येत नाही," सर म्हणाले. तबेल्यामागची खोली नोकरीबरोबरची होती. दोन दिवसांत रिकामी करायची.

दौलत तसाच लालबागला गेला. वैभव नवीन माइक जोडत होता.

"तो व्हिडिओ काढ."

"कुठला?"

"शनिवारचा. भिवाचं नाव आहे तो."

"काका, डोकं फिरलंय का? दोन लाखांवर गेलाय तो! आणि तुम्ही तारीफ केलीय त्याची. शिवी असती तर समजू शकतो. तारीफ कुणी डिलीट करतं का?"

"त्याची नोकरी गेली, गाढवा."

वैभवचा हात थांबला. तो वाईट पोरगा नव्हता. त्याला फक्त नंतर कळायचं. "च्यायला," तो हळूच म्हणाला. मग थोडा विचार करून, "काका, आपण त्याच्यावर एक एपिसोड करू या का? 'भिवाला न्याय'?"

दौलत दुकानातून उतरला. परत त्या खुर्चीत बसला नाही. वैभवने नंतर तो व्हिडिओ काढलाही, चार दिवसांनी, पण तोपर्यंत तो दहा ठिकाणी जाऊन बसला होता.

भिवा कुटुंबाला घेऊन शिवडीला मेव्हण्याकडे गेला होता. दौलतने पत्ता शोधला. गोदामांच्या रांगेमागे एक जुनी चाळ, जिन्यात ट्रकच्या ताडपत्र्या वाळत घातलेल्या. दार सुनेत्राने उघडलं. एकोणीस-वीसची पोरगी, बापासारखीच बुटकी. तिच्या मागे खोलीत ट्रंका एकावर एक लावलेल्या दिसत होत्या.

"पप्पा नाहीत. काम बघायला गेलेत."

"मी दौलत गमरे, पोरी."

"माहीत आहे. तुम्हाला सगळे ओळखतात." तिने दार पूर्ण उघडलं नाही. बंदही केलं नाही. "काका, पहिला व्हिडिओ बरा होता. त्यात नुसती लाज गेली होती."

दौलत जिना उतरला. खाली येऊन रस्त्यातच उभा राहिला. ट्रकवाला हॉर्न मारत होता, तो त्यालाच उद्देशून आहे हे त्याला दोन मिनिटांनी कळलं.

आता काहीतरी करायला हवं होतं, आणि करायचं तर कुणाकडे तरी जाऊन हात जोडायला हवे होते. दौलतने मनातल्या मनात सगळे ट्रेनर मोजले. एकाला त्याने हुजऱ्या म्हटलं होतं, एकाला झोपाळू, एकाला मालकिणीची पर्स धरणारा. ज्यांना काही म्हटलं नव्हतं ते मेले होते. शेवटी उरले विकास सर. खेचरांचे मास्तर.

विकास सर सकाळच्या कामानंतर आपल्या तबेल्यासमोर बाकड्यावर बसले होते. सत्तरी उलटलेली, गळ्यात तीच जुनी दुर्बीण. दौलतला बघून त्यांनी ओळख दाखवली नाही, पण बाकड्यावर सरकून जागा केली. चहा मागवला.

"बोल, गमरे. आज कुणाची इज्जत काढायची आहे?"

दौलत उभाच राहिला. "सर, मी जे बोललो त्याबद्दल माफी मागायला आलोय."

"कशाबद्दल? खेचरांबद्दल की दुर्बिणीबद्दल?"

"दोन्ही."

"माझ्या नातवाने दाखवलं मला ते. तो सहा वर्षांचा आहे. आता तो मला बघितलं की खेचरासारखा ओरडतो. घरात सगळे हसतात. मीही हसतो." ते अजिबात हसत नव्हते. "बस. चहा घे. पुढे बोल. नुसती माफी मागायला करी रोडवरून इथवर आला नसशील तू."

दौलत बसला. मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. भिवा कसा आहे, हात किती हलका आहे, घोडं आजारी पडायच्या आदल्या दिवशी त्याला कसं कळतं. चाळीस वर्षांत तो कुणाबद्दल एवढं चांगलं एका दमात बोलला नव्हता. बोलताना अडखळला. शब्द सवयीचे नव्हते. विकास सरांनी मधे तोडलं नाही. चहा संपवला, कप बाकड्याखाली ठेवला.

"भिवा काल सकाळीच आला होता माझ्याकडे," ते म्हणाले. "त्याच दुपारपासून कामाला लागलाय. मागच्या रांगेत आहे. तीन घोडे दिलेत, त्यातलं एक चावतं."

दौलतचा कप हातातच राहिला. "मग मला एवढं का बोलू दिलंत?"

"ऐकायला मजा आली." विकास सर उठले, दुर्बीण सारखी केली. "आणि एक लक्षात ठेव, गमरे. तो तुझ्या शिफारशीने आला असता ना, तर मी घेतला नसता."

ते निघून गेले. दौलतने उरलेला चहा प्यायला. टाकून देणं बरं दिसलं नसतं. मागच्या रांगेतून बादलीचा आवाज येत होता आणि भिवा कुठल्यातरी घोड्याला दापोलीच्या बोलीत दटावत होता, "गप रव रे, गप!" दौलत तिकडे दोन पावलं गेला, थांबला, आणि गेटकडे वळला. बोलावल्याशिवाय जाण्याची त्याची हिंमत झाली नाही.

दुपारी वैशाली घरी होती, शनिवारची अर्धी सुट्टी. वालाच्या शेंगा सोलत बसली होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने विचारलं, "लागलं का भिवाकाकांचं काम?"

"लागलं."

"तुम्ही शब्द टाकलात म्हणून?"

"माझ्या आधीच लागलं होतं," दौलत म्हणाला आणि चपला काढून तिच्यासमोर बसला. "मी मधे पडलो नाही म्हणून टिकेल."

वैशालीने अर्ध्या शेंगा त्याच्याकडे सरकवल्या. त्यातल्या दोन किडक्या होत्या. त्याने त्या बाजूला काढून ठेवल्या, काही न बोलता.